वाटीतली गोळी

आईला सकाळी उठल्या उठल्या चक्कर यायला लागली, तेव्हा तिचं एकटीनं फिरायला जाणं मी बंद करायच्या बेतात होते. मुलुंडला आल्यापासून तिने ते कधी चुकवलेलं नव्हतं. "त्यापेक्षा मला कोंडूनच ठेव ना," ती म्हणाली. तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो. मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरून तिची औषधं वाचली. प्रेशरची, थायरॉइडची, कॅल्शियमची. आई कीर्तनाला बसल्यासारखी मान डोलवत होती.

"यादी बरोबर आहे ना, आजी?"

"अगदी बरोबर."

म्हणजे दोष प्रेशरच्या गोळीचाच, असं म्हणून ते तिचा डोस कमी करायला निघाले. टाइप करता करता सहज विचारलं, "आणखी काही घेत नाही ना?"

"छे हो. एक काय ती वाटीतली."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

आईची आमटी रोज संध्याकाळी समोरच्या काकूंकडे जाते. आमच्यात वाटी रिकामी परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आई झोप येत नाही म्हणाल्यापासून काकू साखरेऐवजी त्यांची झोपेची गोळी घालत होत्या.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"ते औषधांचं विचारत होते. ही तर शेजारणीने दिलेली."

डॉक्टर हसले, पण ती गोळी त्यांनी यादीत चढवली आणि आईला ती बंद करायला सांगितली. प्रेशरच्या गोळीला हातही लावला नाही. काही दिवसांत चक्कर थांबली, आई पुन्हा बूट घालून सकाळी बाहेर पडायला लागली आणि मला खरंच हायसं वाटलं.

तरी काकूंना दोन शब्द सुनवायचे होतेच. आमटी घेऊन मीच गेले. म्हटलं, "काकू, डॉक्टर तुम्हाला गोळ्या मोजून देतात. आईला दिल्यावर तुम्ही काय घ्यायचात?"

"काही नाही गं, पडून राहायचे," त्या आमटी भांड्यात ओतत म्हणाल्या. "मला कुठे सकाळी उठून जायचं असतं? तुझ्या आईला फिरायला जायचं असतं ना."

मग वाटी धुतली, पुसली आणि चिमूटभर साखर घालून माझ्या हातात दिली.