ढिलं पोतं

मिठाचं पोतं कसं भरायचं ते मला बापाने शिकवलं, आणि तेच पुढे नडलं.

आमचं घर वडखळच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. बाप मिठागरात होता. आठवीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात मीही मिठागरात उतरलो आणि परत शाळेत गेलोच नाही. कोणी फार विचारलंही नाही. पोतं भरताना बाप ते दोन्ही कानांना धरून उचलायचा, आपटायचा, गुडघ्याने दाबायचा, पुन्हा वरून दोन फावडी टाकायचा. शिवल्यावर थाप मारली की दगडासारखा आवाज यायला हवा. ढिलं पोतं दिसलं की म्हणायचा, "कोनी भरलंय ह्या? चोराचं पोतं हाय." ढिलं पोतं म्हणजे मध्येच कोणीतरी हात मारलाय, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मिठागरं एकेक करून पडीक झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, लग्न झालेला आणि बेकार. रोह्याचे एक भाई हेलिकॉप्टरच्या स्क्वाड्रनमध्ये होते, देशाच्या पार पूर्वेच्या टोकाला, डोंगरांत. त्यांचे वडील आमच्याकडून मीठ न्यायचे, एवढीच ओळख. रजेवर आलेले असताना बाप मला घेऊन त्यांच्याकडे गेला. भाईंनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले. मिठाने फाटलेले होते. म्हणाले, "शिकलेला नाय ते बरं आहे. शिकलेले तिथं टिकत नाहीत." आणि रोजंदारीवर लावून दिलं. आज मी तिथलाच पक्का कामगार आहे, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, मुलगी पेणच्या कॉलेजात आहे. ताटात जे पडतंय ते भाईंमुळे. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून मी नमकहराम आहे असं वाटेल. वाटू दे.

आमच्या स्क्वाड्रनचं काम माल आणि माणसं वाहण्याचं. बंदूक चालवण्याचं नव्हे, तरी माणसं आमचीही मेली. जिथे रस्ता नाही आणि हेलिकॉप्टर टेकवायलाही जागा नाही अशा चौक्यांवर माल वरून टाकायचा. भाई गनर होते. नाव गनर, पण काम मागच्या उघड्या दारात पट्टा बांधून उभं राहायचं आणि वैमानिकाची घंटा वाजली की पोती ढकलायची. आम्ही खाली पोती भरायचो.

पहिल्याच आठवड्यात मला नवल वाटलं. तांदूळ, डाळ, मीठ, सगळं पोत्यात पोतं घालून भरायचे, आणि आतलं पोतं तीन वाट्यांतले दोन वाटेच भरायचे. वर तिसरा वाटा रिकामा, लोळागोळा. आम्हाला शिकवणारा हवालदार पंजाबी होता. त्याने का ते सांगितलं असेल, मला हिंदी तेव्हा अर्धी कळायची. मला एवढंच दिसलं की पोतं ढिलं आहे. तिसरा वाटा कुठे जातो? माझ्या मनाने उत्तर दिलं, आणि ते बापाच्या आवाजात दिलं.

मी कोणाला काही बोललो नाही. नवा माणूस, रोजंदारीचा, बोलून काय करणार? पण मिठाची पाळी माझ्याकडे आली त्या दिवशी मी पोती ठासून भरली. आपटली, गुडघ्याने दाबली, तोंडापर्यंत भरून शिवली. वर बर्फात बसलेल्या जवानांच्या वाट्याचं मीठ कोणी खाऊ नये, एवढाच विचार होता. भाकरी देणाऱ्यांसाठी आपणही काहीतरी करावं असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

भाई पोती चढवून घ्यायला आले. आभाळात एक फट पडली होती, ती बुजायच्या आत जाऊन यायचं होतं. वैमानिक पंखा सुरू करून बसला होता. भाईंनी एका पोत्याला बुटाची लाथ घातली.

"काय रे, दगड भरलेस काय?"

"मीठच हाय भाई," मी छाती काढून ओरडलो. "पन पेणचा माप हाय!"

ते हसले. पोती चढली.

ढिलं पोतं का, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. ढिलं पोतं आपटलं की आतला माल पसरायला जागा शोधतो, आतलं फाटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं. ठासलेलं पोतं फुटतं. माझी सगळी पोती खडकावर फुटली आणि मीठ ओढ्यात गेलं. त्याच संध्याकाळी आभाळ बंद झालं ते अठरा दिवस उघडलं नाही. चौकीवरची माणसं अठरा दिवस अळणी जेवली. पुढे तिथून आजारी होऊन खाली आलेल्या एका शिपायाने सांगितलं, लोणच्याची रिकामी बरणी उकळून ते पाणी डाळीत घालायचे, आणि बरणी कोणाची यावरून दोघं हातघाईवर आले. सांगताना तो हसत होता. मी त्याला चहा आणून दिला आणि तिथून निघालो.

मेलं कोणी नाही. पण चौकीच्या साहेबाने वरपर्यंत कागद धाडला. चौकशी बसली. पोती कोणी भरली, असं विचारलं तेव्हा मी रांगेत उभा होतो. भाई पुढे होऊन म्हणाले, "साहेब, भरणाऱ्याचा काय संबंध? माल तपासून घ्यायचं काम माझं होतं. मी तपासला नाही."

मी तोंड उघडलं नाही.

त्यांना वाटलं होतं, दोन शिव्या आणि एक कागद, एवढ्यावर भागेल. भागलं नाही. उडण्यावरून काढलं, गोदामात बसवलं. पुढचा हुद्दा आला नाही तो आलाच नाही. मुदत भरली तशी रोह्याला परतले आणि मिनीडोर घेतली, स्टेशन ते नाका. आभाळातून उतरून सहा सीटच्या रिक्षात. मी मात्र पक्का झालो. पोती सगळ्यांत चांगली भरतो म्हणून.

दरवर्षी रजेवर येतो. वडखळहून रोहा एसटीने दोन तास धरा. इतक्या वर्षांत मी दोनदा गेलो, एकदा त्यांच्या मुलाच्या लग्नाला आणि एकदा त्यांचे वडील गेले तेव्हा. दोन्ही वेळा गर्दी होती म्हणून. उपकार ज्याने केले त्याच्या दारावरून जाताना पाय जड होतात, हे कोणी कबूल करत नाही. मी करतो.

यंदा स्क्वाड्रनचा मोठा वाढदिवस झाला. इतिहासाचं पुस्तक काढलं, जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, इंग्रजीत. निमंत्रण भाईंना नव्हतं. रजेवर निघताना एका तरुण साहेबाने मला दोन प्रती दिल्या. "एक तुमची. दुसरी त्या जुन्या गनरना द्या, तुमच्याच जिल्ह्याचे ना ते?" चांगल्या मनाने दिलं. त्या वेळी त्याचा बाप शाळेत असेल, त्याला काय माहीत.

घरी मुलीने ओटीवर बसून ते वाचायला घेतलं. पहिली हेलिकॉप्टरं कशी आली, कुठल्या पुरात किती घरांवरून माणसं उचलली, कोणत्या साहेबाने इंजिन बंद पडलेलं असताना नदीच्या वाळूत कसं उतरवलं. मराठीत करून सांगत होती आणि मी माना हलवत होतो, यातलं बरंच मी डोळ्यांनी पाहिलेलं. मला अभिमान वाटत होता. पोती भरणाऱ्यांचा एक फोटो होता. सगळ्यांच्या पाठी. खाली लिहिलेलं, स्थानिक मजूर.

"त्यातली तिसरी पाठ माझी," मी म्हणालो.

"कशावरून?"

"बनियन तुझ्या आयने रफू केलेला हाय."

आतून बायको ओरडली, "मग आयचा पन फोटो आला गो पुस्तकात!" तिघंही हसलो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, इथं मिठाचं लिहिलंय."

अर्ध्या पानाचा मजकूर. अमक्या गनरच्या हलगर्जीपणामुळे एक फेरी वाया गेली, चौकी अठरा दिवस मिठाविना राहिली, त्यानंतर माल तपासण्याचे नियम कडक झाले. गनरचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. अख्ख्या पुस्तकात आमच्या जिल्ह्याचं तेवढं एकच नाव.

"नुसती पोती बघायची होती," मुलगी म्हणाली. "कसली माणसं असतात! पगार घ्यायचा आणि…"

"पुरे," मी म्हणालो. इतक्या जोरात की बायको बाहेर आली.

तीन दिवस भाईंची प्रत पिशवीत पडून राहिली. चौथ्या दिवशी दाढीच्या पात्याने ते पान कापलं, शिवणीच्या अगदी कडेने, दिसणार नाही असं. घडी करून खिशात ठेवलं आणि एसटी धरली. कोलाडला गाडी थांबली तेव्हा उतरून चहा घेतला. समोर परतीची गाडी लागली होती. कंडक्टरने बेल मारली, "अवो काका, रोहा का पेण? एक कायतरी ठरवा," तेव्हा चढलो.

भाई सत्तरीच्या पुढे गेलेत. मिनीडोर आता मुलगा चालवतो. दारात मला बघून म्हणाले, "वाट सापडली काय रे? मला वाटलं, मेल्यावरच येशील. माझ्या."

भाभींनी तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. भाईंचं कालवण वेगळ्या वाटीत होतं.

"ब्लड प्रेशर," ते म्हणाले. "डॉक्टरने मीठ तोडलंय. त्या पोरांचे अठरा दिवस, माझं हे तिसरं वर्ष."

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिलो. भाभी म्हणाल्या, "जेवताना तरी सोडा त्याला."

जेवण झाल्यावर पुस्तक दिलं. त्यांनी चष्मा लावला, एकेक पान अंगठ्याने दाबून उलटू लागले. फोटोतल्या माणसांना बोट लावून सांगत होते, हा गेला, हा पण गेला, हा पक्का चोर. मी दाराकडे बघत होतो. अंगठा थांबला.

"दोनशे दहानंतर दोनशे तेरा?" मान वर न करता म्हणाले. "तुमच्या स्क्वाड्रनने पुस्तक पण ढिलं भरलं काय?"

मी खिशातून पान काढून पुढे केलं. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण वेळ लागला.

"भाई, मी त्यांना पत्र लिहितो," मी म्हणालो. "ती पोती मी भरली होती, तुमचा दोष नव्हता."

"खोटं कुठे लिहिलंय?"

"म्हणजे?"

"लाथ मारली होती ना मी? लाथेला कळतं रे. कळलं होतं मला, पोतं ठासलेलं आहे. उतरवून पुन्हा भरायचं म्हटलं असतं तर आभाळ बुजलं असतं. म्हटलं, बघू. फुटली तर फुटली." चष्मा काढून पुसला. "तू भरलीस, मी जाऊ दिली. त्यांनी अर्धं लिहिलंय एवढंच."

इतकी वर्षं मी समजत होतो की भाईंना फसवून मी वाचलो. त्यांना सगळं माहीत होतं, आणि ते कधी बोलले नाहीत. मला हायसं वाटायला हवं होतं. राग आला. आधी सांगितलं असतं तर निदान दर वर्षी रोह्याला आलो असतो.

"मग उरलेलं अर्धं मी लिहितो," मी म्हणालो.

"किती राहिलं तुझं?"

"दीड वर्ष."

"पेन्शन सुरू व्हायचीय. पोरगी शिकतेय. तर गप बस. तू आता नाव दिलंस तर मी तेव्हा कशाला उभा राहिलो?"

मी 'बरं' म्हणालो. लगेच म्हणालो, अर्ध्या श्वासात. त्यांनी आणखी एकदा विचारलं असतं तरी मी तेच म्हणालो असतो. आणि बरं वाटलं. छातीवरचं ओझं गेल्यासारखं बरं वाटलं, याची लाज लिहितानाही वाटते आहे.

निघताना त्यांनी पुस्तक ठेवून घेतलं आणि पान माझ्या हातात परत दिलं. "हे तू ने. यात तुझीच मेहनत आहे." भाभी हसल्या. भाई हसले नाहीत.

घरी पोचलो तेव्हा मुलगी विचारत होती, "दिलंत पुस्तक? काय म्हणाले?"

"आवडलं," म्हणालो.

आता परत इथे डोंगरात आहे. नव्या मजुरांना मी शिकवतो: पोत्यात पोतं, तीनातले दोन वाटे, आणि का ते प्रत्येकाच्या भाषेत सांगतो. परवा एकाने विचारलं, एवढं घोकून का घेता? म्हटलं, पुस्तकात आहे.

पत्र दीड वर्षाने लिहीन, असं ठरवलंय. भाईंचं वय आणि दीड वर्ष, ही बेरीज करायला आठवीची गरज नाही. म्हणून त्याआधी हे लिहून काढलं. यात कोणाचं नाव नाही, साहेबाला दाखवलं तरी कोणी सापडणार नाही, तेवढा भित्रा मी अजून आहे. पण मुलीला वाचायला पाठवतोय, आणि सोबत ते कापलेलं पान. भाईंचं नाव तिथे आहे. ओटीवर जे ती बोलली ते कोणाला बोलायला हवं होतं, ते तिला कळेल.