झाडलोकांच्या पोरीची मूठ

मी मुळातच भित्री. पाल, पोस्टमन, गणिताच्या बाई, सगळ्यांना मी घाबरायचे. पण पंधराव्या वर्षी ज्या गोष्टीला घाबरले ती सांगितली की लोक हसतात. ती होती गव्हाची मूठ. श्रावणात आमच्या अहिराणी घरी कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातला कर्ता पुरुष घरच्या माणसांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू काढतो. ज्याच्या नावाची मूठ निघाली तो घरचा, एवढा साधा हिशोब. त्या वर्षी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यात कधीतरी, ज्याची मूठ निघेल की नाही ते मला सांगता येत नव्हतं असं एक माणूस आमच्या घरात होतं. ते जेमतेम दोन महिन्यांचं होतं.

सुरतेत पर्वत पाटियाजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. माझे वडील, आबा, पलसाण्याच्या बाजूला कापड रंगवायच्या मिलमध्ये जायचे. त्यांच्या हातांना कोपरापर्यंत कुठला ना कुठला रंग असायचाच. भाऊ कापड मार्केटात कामाला होता. तिथंच त्यानं एका गुजराती मुलीशी ओळख वाढवली आणि एक दिवस कोर्टात लग्न करून तिला घरी घेऊन आला. तिच्या माहेरच्यांनी दार लावून घेतलं. आमच्या आबांनी दार उघडं ठेवलं, तोंड मात्र बंद केलं. वहिनी समोर उभी असली तरी ते मायला म्हणायचे, "तिले सांग, च्यामा साखर कमी टाक." चलथाणला साखर कारखान्यात असलेले आमचे काका तर येईनासेच झाले. त्यांनी निरोप धाडला की आता तुमच्या घरचं पाणीही नको.

वहिनी माहेराहून एकच पिशवी घेऊन आली होती. तिच्यात चार ड्रेस, आणि तिच्या अमेरिकेतल्या मामानं कधीतरी दिलेला एक खेळ. खेळ म्हणजे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि डबीभर विचित्र फासे. एका फाशाला तर वीस तोंडं. सोंगट्या नाहीत, पट नाही. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. पुस्तकात माणसं होती, बुटके होते, राक्षस होते, आणि उंच, टोकदार कानांचे, शेकडो वर्षं जगणारे जंगलातले लोक होते. त्यांना आम्ही झाडलोक म्हणायचो.

दुपारी आम्ही तिघी साड्यांचे धागे कापायला बसायचो. भरतकाम झालेल्या साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं कापायचे, हे आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायांचं काम. हात कामात, तोंड रिकामं. वहिनी पुस्तक वाचून गुजराती-हिंदीत अर्थ सांगायची आणि गोष्ट मी सांगायची, कारण वहिनीच्या मते मी खोटं फार छान बोलायचे. वहिनी झाली तिरंदाज बाई. माय आधी म्हणाली, हे काय पोरखेळ, आणि चौथ्या दिवशी वैदूबाई झाली. वाटेत राक्षस भेटला तरी ती आधी त्याचं गाव आणि कूळ विचारायची. आम्ही हसून लोळायचो. आबांच्या सुटीच्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे, तेव्हा मात्र आम्ही आवाज न करता हसायचो.

तिरंदाज बाईनं एका झाडलोकाशी लग्न केलं. ते वहिनीनंच ठरवलं. तेव्हा तिला सहावा महिना होता. आबांच्या सुटीच्या एका दुपारी कात्री खाली ठेवून ती म्हणाली, तिरंदाज बाईलाही आता दिवस गेलेत. ते मूल कोण होणार?

पुस्तकात दोनच ओळी होत्या. अशा मुलात दोघांचं थोडं थोडं येतं, ते आईपेक्षा जास्त आणि बापापेक्षा कमी जगतं. बस. ते कुठल्या भाषेत बोलेल, कुणाच्या देवाला नमस्कार करेल, त्याच्या ताटात कोण वाढेल, यातलं काहीच नाही. वहिनी एकेक विचारत होती आणि मी उत्तरं देत होते. कान? थोडे टोकदार. भाषा? दोन्ही. राहणार कुठं? बापाच्या रानात. इथवर मला मजा येत होती.

"पण त्या लोकांनी एने, त्याला, आपलं मानलं, ते कसं कळणार?" वहिनीनं विचारलं.

झाडलोकांची काहीतरी रीत सांगायला हवी होती. मी थापाड्यांच्या ऐटीत सांगितलं, की वर्षातून एकदा रानातला म्हातारा लाकडी भांडं घेऊन बसतो आणि कुळातल्या प्रत्येकाच्या नावानं मूठभर बिया त्यात टाकतो.

"अने बी ना नाखे तो?" आणि बी टाकलंच नाही तर?

"तर रान त्या पोराला ओळखत नाही. त्याचं नाव पुढं कुणी घेत नाही."

मायची कात्री थांबली. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग मला कळलं मी काय केलं ते. मी कानबाईची मूठ उचलून रानात नेऊन ठेवली होती. वहिनीनं आमची कानबाई अजून पाहिली नव्हती. तिला काही ठाऊक नव्हतं, आणि ज्यानं तिला घाबरवायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं, ते मी गोष्ट रंगवायच्या नादात तिच्यापुढं ओतलं होतं. सावरायला म्हणून मी वीस तोंडांचा फासा उचलला. म्हटलं, दहाच्या वर पडलं तर मूठ पडली, दहा किंवा कमी तर नाही.

"त्याना बाप कोन शे ते दख ना, फासा कसाले टाकस?" माय जवळजवळ ओरडली.

वहिनीनं माझ्या हातातून फासा काढून घेतला. "आज नको," ती म्हणाली. डबी बंद झाली आणि आमचा खेळ तिथंच थांबला.

जेठ महिन्यात वहिनीला दवाखान्यात नेलं. भर दुपारी घरात मी एकटीच होते. भीतीनं माणूस काय काय करतं! मी डबी काढली. मनात म्हटलं, दहाच्या वर पडलं की सगळं बरं, एकदाच बघू, म्हणजे जिवाला शांतता. फासा टाकला आणि तीन पडले. मी तो फासा पुन्हा टाकायचंही धाडस केलं नाही, कारण दुसऱ्यांदा टाकणं म्हणजे लबाडी, आणि लबाडीची शिक्षा बाळाला झाली तर? संध्याकाळी भाऊ सांगत आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी रडले. सगळ्यांना वाटलं आनंदानं.

जिवावरचं टळलं, पण तीन आकडा काही डोक्यातून जाईना. तो आता श्रावणाची वाट बघत बसला होता. आबा बाळाला घेत नव्हते. ती रडली की मान वळवून बघायचे आणि परत भिंतीकडं तोंड करायचे.

कानबाईच्या आधी मायनं गहू निवडून पत्र्याच्या डब्यात भरले. आबा अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून पाटावर बसले. त्या दिवशी हातांवर हिरवा रंग होता. लिंबानं घासूनही गेला नव्हता. समोर परात. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. आबांनी डब्यात हात घातला, मूठभर गहू परातीत टाकले, वर चिमूटभर सव्वाचे, आणि तोंडानं स्वतःचं नाव घेतलं. वहिनीनं चटकन माझ्याकडं पाहिलं.

"आ तो ए ज छे ने?" ती हळूच म्हणाली. हे तेच आहे ना?

मी मान खाली घातली.

आबांनी दुसरी मूठ भावाच्या नावानं काढली आणि थांबले. दर वर्षी काका आणि त्यांचे तीन मुलगे असायचे, मुठींवर मुठी पडायच्या, परात भरायची. त्या गर्दीत मी कधी मोजलंच नव्हतं. त्या दिवशी घरात माणसं सहा आणि परातीत दोनच इवलेसे ढीग. मायची मूठ नव्हती. माझीही नव्हती. कधीच नव्हती.

"बायासनी मूठ नही ऱ्हास," माय वहिनीच्या कानाशी म्हणाली, समजूत काढल्यासारखी.

वहिनीनं बाळाचं दुपटं घट्ट ओढून घेतलं. पोरीची मूठ गुजराती आईमुळं निघाली नाही की मुलगी आहे म्हणून, हे तिला आता जन्मभर कळणार नव्हतं, आणि विचारायलाही जागा नव्हती. मला तिच्याकडं बघवेना. आबांचाही हात डब्यातच राहिला होता. त्यांनी तो बाहेर काढला नाही. डब्याकडंच बघत ते बोलले, आणि भावाच्या लग्नानंतर पहिल्यांदा मायला मध्ये न घालता थेट वहिनीशी आणि माझ्याशी बोलले.

"तुम्हना त्या झाडवाला लोकेसना खेयमा ती पोर मोजामा उनी का नही?"

आमच्या झाडलोकांच्या खेळात ती पोर मोजण्यात आली की नाही, हे आबा विचारत होते! भिंतीकडं तोंड करून ते झोपत नव्हते तर. सगळं ऐकत होते. वहिनीला अहिराणी नीट कळत नव्हती, ती माझ्या तोंडाकडं बघू लागली. माझ्या डोळ्यांपुढं तो फासा आणि त्यावरचे तीन. कानबाईच्या गव्हासमोर खोटं बोललं तर जीभ झडते, असं लहानपणापासून ऐकलेलं.

"उनी, आबा," मी म्हटलं. "मोजामा उनी."

आबांनी मूठ भरली. त्यांचा पंजा मोठा, ती मूठही मोठी निघाली. पोरीचं नाव त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं, जरासं अडखळत, आणि वर चिमूट टाकली. वहिनी तोंडावर ओढणी घेऊन रडू लागली.

आबांचा हात पुन्हा डब्यात गेला आणि तिथंच थांबला. ते माझ्याकडं बघत होते.

"आजून कोनी ऱ्हायनं का?" त्यांनी विचारलं.

मी "नही" म्हटलं, आणि त्यांनी डब्याला झाकण लावलं.