सोमाजीच्या वाट्याची बिडी

जाऊ नका, असं मंगलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तीनदा सांगितलं. "तिकडे गेले का तुम्ही पेता. लिहून घ्या माह्याकडून." तिचं काही चूक नव्हतं. झरी जामणीच्या जंगलात मी पंधरा उन्हाळे तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनशी होतो, आणि तोंडात बिडी नाही असा तिथला एक दिवस मला आठवत नाही. पण सोमाजीच्या नावाचं जेवण होतं, न जाऊन कसं चाललं असतं? माझ्यासोबत पत्त्याचे पुडे मोजणारा सोमाजी पोळ्यानंतर फुफ्फुसाच्या कॅन्सरनं गेला. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला होता, "भाऊ, तुम्ही तरी सोडा." त्याच दिवशी सोडली. निघालो त्या सकाळी बावन्न दिवस झाले होते, आणि ते मला मोडायचे नव्हते.

रस्ता सांगतो. यवतमाळ, करंजी, मारेगाव, वणी, मुकुटबन. टाकी निघतानाच भरून घ्या. करंजीला तर्री-पोहे तीस रुपयांत पोटभर मिळाले, पण खरी परीक्षा चहाची. चहा आला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. चहावाला जुना ओळखीचा.

"आज माचिस नाही मांगितली?"

"सोडली ना बाप्पा."

"काहून? तब्येत बिघडली का?"

बाकावरचे दोघं हसले आणि त्यातल्या एकानं धूर सोडला. छाती अशी ओढली गेली की कप खाली ठेवावा लागला. सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनं शिकवलं होतं, तलफ आली की दहा मिनिटं टाळायची, पाणी प्यायचं, जागा सोडायची. मी बडीशेप तोंडात टाकली आणि गाडीला किक मारली. सोडणाऱ्यांना माझा सल्ला, चहा उभ्यानंच प्या.

वणीजवळ राजूरकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची पार वाट लावली आहे. तोंडाला रुमाल बांधा. मुकुटबन सोडलं की सागाचं जंगल लागतं, वेचणीला आलेला कापूस दिसतो आणि हवा एकदम गार होते. सोमाजी आणि मी इथे ज्या वळणावर बिडीसाठी थांबायचो तिथे मी गाडी थांबवली नाही. रडायला आलं, तसाच चालवत राहिलो.

सोमाजीच्या घरची रीत अशी, की गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली त्याच्या दगडापुढे ठेवायचं. ज्वारीची भाकर, कोंबडीचा रस्सा, आणि बिडी पिणारा असेल तर पेटती बिडी. ती त्याच्या दोस्तानं पेटवायची. वहिनींनी, म्हणजे सोमाजीच्या बायकोनं, पदराच्या गाठीतून एक बिडी काढली.

"भाऊ, तुम्हीच लावा. त्यायच्या बिडीच्या कट्ट्यातली शेवटची हाये. दवाखान्यात लय मांगत होते, मी देल्ली नाही. डॉक्टर नाही म्हने."

वारा होता. दोन काड्या विझल्या. मग मी बिडी ओठात धरली, फक्त पेटवण्यापुरती. एक झुरका, देवाशप्पथ एकच घेणार होतो. डोकं हलकं झालं, सोमाजी शेजारी बसलाय असं वाटलं. आणि बोटाला चटका बसला तेव्हा पाहिलं, तर हातात नखाएवढं थोटूक उरलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मेलेल्या माणसाच्या वाट्याचं मी पिऊन टाकलं होतं.

"वहिनी, मी दुसरा कट्टा आणतो," मी उठलो.

"बसा भाऊ." त्यांनी ते थोटूक माझ्या हातातून घेतलं आणि दगडावर ठेवलं. "उष्टी तं उष्टी. जिंदगीभर एकमेकायची उष्टीच पेले ना तुम्ही."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्यांच्याकडे बघवेना. जेवण झालं, माझी भाकर ताटात तशीच राहिली.

परतीचा रस्ता तोच. चहाला कुठेही थांबलो नाही. दारात मंगलानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "पेले?"

"पेलो."

तिनं पाण्याचा तांब्या दिला आणि आत गेली. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, घसरलात तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करा. आज पाचवा दिवस आहे. तलफ येते, दहा मिनिटांनी जाते, ते जमेल मला.

जात नाही ते वेगळं आहे. ज्या वहिनींनी मरणाऱ्या नवऱ्याला एक बिडी नाकारली, त्या आता त्यासाठी रडतात. आणि मी? खोकून खोकून वाकलेल्या सोमाजीपुढे दरवेळी कट्टा धरणारा मीच होतो. मरता मरता तो मला सोडा म्हणाला. पंधरा उन्हाळ्यांत मी त्याला एकदाही म्हटलं नाही.