एकाच खिळ्याची भिंत

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका मयत माणसाच्या फोटोला काच बसवत होतो. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मलकापुरात माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे, चाळीस वर्षं होऊन गेली, आणि या धंद्यात निम्मं गिऱ्हाईक तेराव्याच्या आधी घाईघाईनं येतं. भाचा दीपक फोनवर म्हणाला, "मामा, आय गेली... सकाळी च्या घेतला, आन् बसल्या बसल्याच गेली." मी "बरं" म्हणालो. बरं काय, बरं? पण तोंडातून तेच निघालं. आणि त्याच्या पाठोपाठ डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आक्काचा फोटो कुठला आहे आपल्याकडे? समोरून काढलेला, मोठा करता येण्यासारखा? सख्खी थोरली बहीण गेली आणि मी फोटोचं माप काढत बसलो होतो. रहिमतपूरच्या एस.टी.त बसल्यावर मग जे रडू आलं, ते मसूर गाव मागं पडलं तरी थांबेना.

आता महिना उलटून गेला. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार शब्द लिहायचे तर काही तरी ठाम लिहावं, ती अशी होती, तशी होती. माझ्याकडे ठाम असं काही नाही. आक्काला मी पासष्ट वर्षं ओळखत होतो, आणि आता वाटतंय की कुठलं काय, तिनं मला पत्ताच लागू दिला नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्या गावाला माहीत होती. आक्काच्या घरात भिंतीवर माणसाचा फोटो नव्हता. एकही नाही. सासू-सासऱ्यांचा नाही, आमच्या आई-आबांचा नाही, मिलिटरीतून हवालदार होऊन आलेल्या दाजींचा वर्दीतला नाही, दीपकच्या लग्नातला नाही. भाऊ फ्रेमवाला आणि बहिणीच्या भिंतीवर एक फ्रेम नाही! लोक मला टोमणे मारायचे, "काय रं, तुजा माल लय कच्चा हाय वाटतं?" मी हसण्यावारी न्यायचो. पण ते लागायचं, का लागणार नाही?

आणि भिंती उघड्या होत्या म्हणाल, तर तसंही नाही. आक्काच्या घराच्या भिंती बघायला बायका मुद्दाम यायच्या. विकत आणलेली एक वस्तू नसायची त्यात. माजघराच्या भिंतीला छताखालून चारी बाजूंनी जुन्या लुगड्यांचे काठ लावलेले. आईचा इरकलीचा, सासूचा, तिच्या स्वतःच्या शालूचा, सगळे गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवलेले. त्याखाली एक भलामोठा गणपती. तो कसा? तर लग्नाच्या पत्रिकांवरचे बारके बारके गणपती कात्रीनं कापून, एकाला एक लावून केलेला. पत्रिका टाकून देता येत नाही, वर देव असतो, म्हणून घरोघरी त्या माळ्यावर धूळ खात पडतात. आक्का गल्लीभरच्या पत्रिका गोळा करून आणायची. कुणाच्या लग्नातला गणपती कुठं बसलाय ते तिला पाठ होतं, "ह्यो सोंडंपशी हाय न्हवं, त्यो आपल्या सुमीचा." गणपतीशेजारी दिवाळीच्या पाडव्याला गेरूत हात बुडवून उठवलेले दीपकच्या हाताचे ठसे, दर वर्षी एक, पेढ्याएवढ्या पंजापासून बापाच्या हाताएवढ्या पंजापर्यंत. नंतर त्याच्या मुलीचे. चुन्यानं आणि गेरूनं रंगवलेलं फाटकं सूप. पंख्यासारखी बांधलेली शाळवाची कणसं, ती दर सुगीला बदलायची आणि जुनी चिमण्यांना टाकायची. कुणी नवं घर बांधलं आणि साताऱ्याहून महागडी चित्रं आणून लावली, की आक्का बघून यायची आणि म्हणायची, "दुकानात मिळतंय त्ये सगळ्यांच्याच भितीवर आसतंय. आपल्या भितीला आपला वास नगं व्हय?"

हे सगळं खळीनं चिकटवलेलं, नाहीतर सुतळीनं वरच्या वाशाला टांगलेलं. खिळा मारू द्यायची नाही. गिलावा पडतो म्हणायची. सगळ्या घरात खिळा एकच होता, माजघरात दारातून आत आल्या आल्या उजव्या हाताला, आणि त्यावर किल्ल्या अडकवायची एक चौकट. हिरव्या ऑइलपेंटची, दर दिवाळीला वर एक हात देऊन देऊन तिची नक्षी पार बुजून गेलेली. मध्ये दाजींच्या जुन्या वर्दीचं कापड ताणून बसवलेलं, त्यावर ओळीनं पितळी बटणं, खाली तीन आकडे. मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीची किल्ली, घराची किल्ली आणि दाजींची शिट्टी. दाजी आत आले की न बघता हात उजवीकडं जायचा आणि किल्ली आकड्यावर. मीसुद्धा हजारदा माझी टोपी तिथं अडकवली असेल.

फोटोचं वावडं तिला का होतं, ते मला ठाऊक होतं. कारण मीच.

दुकान टाकून तेव्हा मला आठवडाही झाला नव्हता. सांगलीला एका फ्रेमवाल्याच्या हाताखाली काम शिकून आलो होतो आणि अंगात लय वारं शिरलं होतं. दाजी रजा संपवून उत्तरेला सीमेवर गेले, जाताना वर्दीतला फोटो मोठा करायला माझ्याकडं देऊन गेले. माझ्या दुकानातली ती पहिली फ्रेम. नक्षीची पट्टी घेतली, चारी कोपरे स्वतः कापले, एक कोपरा जरा फाकला तो लाख भरून बुजवला. काच पुसून पुसून चेहरा दिसायला लागला. आणि मग काय दुर्बुद्धी झाली... दुकानात चंदनाच्या भुश्याचे हार नवीनच आले होते. काय त्यांचा वास! देवाच्या फोटोला घालतात, म्हटलं आपल्या दाजींनाही शोभेल. घातला हार. वर्तमानपत्रात बांधलं आणि रहिमतपूरला निघालेल्या ओळखीच्या माणसाकडं दिलं. चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. मी मूर्ख, दुसरं काय.

आक्कानं कागद सोडला आणि आत नवऱ्याचा फोटो, त्याला हार. तिला वाटलं, तार आपल्या भावाकडं आली आणि त्याला तोंडानं सांगवेना म्हणून त्यानं असं कळवलं. आमच्याकडं निम्म्या घरातला माणूस फौजेत असतो, अशी बातमी कशी येते हे बाया मनात कायम घोकत असतात. सासूनं छाती पिटून घेतली, गल्ली जमा झाली. शेजारच्या म्हातारीनं आक्काचा हात धरून एका हातातल्या बांगड्या वाढवल्यासुद्धा. दुसरा हात धरणार, तेवढ्यात कुणी तरी शहाणा म्हणाला, "आवं, पर कागुद कुठाय? तार कुठाय?" मग पळापळ, फोन, माझ्या शेजारच्या मेडिकलवाल्याचा निरोप. मी फोनवर आनंदानं ओरडलो, "पोचला का फोटो? हार बघितला का, खास म्हैसूरचा हाय!" पलीकडनं दाजींच्या चुलत्यांनी मला ज्या शिव्या घातल्या, त्या इथं छापता येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून गेलो. आक्का चुलीपुढं बसली होती, एका हातात हिरवा चुडा आणि दुसरा हात मोकळा. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाली, "ऊठ. च्या पी." एवढंच. जरा वेळानं मी विचारलं, "आक्का, फ्रेम कुठाय?" ती जाळ सारत म्हणाली, "चुलीत घातली."

फोटो तिनं ट्रंकेत पातळांच्या तळाशी ठेवला आणि भिंतीवर माणूस लावायचा नाही असं ठरवून टाकलं. "मानूस जिमिनीवर बरा," म्हणायची. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे मात्र टाकले नाहीत. रॉकेलच्या चिमणीवर एकेक तुकडा तापवून, वाकवून, एकात एक अडकवून साखळी केली आणि देवळीला लावली. सासू ओरडली, असलं अशुभ घरात नको. आक्का म्हणाली, "आशुभ कशाचं? झालं काय न्हाई, ह्याची ती खूण हाय." उन्हं आत आली की त्या साखळीची हिरवी सावली समोरच्या भिंतीवर हलायची. मला ती बघवत नसे. पाहुणे तिचं कौतुक करायला लागले की मी पाणी प्यायला उठायचो.

त्यानंतर मी दर भाऊबीजेला एक फ्रेम घेऊन जायचो. कधी आई-आबांची, कधी आमच्या सगळ्यांची. खिजवायचं म्हणून नाही, मला माफी हवी होती. एक फ्रेम तिनं भिंतीला लावली असती की मी समजलो असतो, मिटलं. पण नाही. ओवाळायची, गोडधोड वाढायची, फ्रेम हातात घेऊन बघायची, "झ्याक झालिया," म्हणायची आणि निघताना माझ्याच पिशवीत परत. एका वर्षी तेवढी काच काढून घेतली, लोणच्याच्या बरणीवर ठेवायला! मी चिडून म्हणालो, "आक्का, चाळीस वर्षं झाली, आजून किती दिवस धरून बसणार हायस?" तर हसायलाच लागली. "काय धरलंय मी? तूच धरलंयस." हे काय उत्तर झालं?

गेल्या भाऊबीजेला मी सरळच विचारलं. मी असा, जीभ आवरत नाही. म्हटलं, "आक्का, उद्या तुजं काय बरं-वाईट झालं, तर तुजा फोटो तरी लावू देशील का न्हाई?" ती वाती वळत होती. म्हणाली, "मी गेल्याव मला इचारायला कुठं येनार हायस? तुला पटंल त्ये कर." वळलेली वात तबकात ठेवली, आणि म्हणाली, "खिळा तेवढा नवा मारू नगंस."

मला पटेल ते... मला काय पटतं हेच मला कळेना. दीपक तिसऱ्या दिवशीच म्हणाला होता, "मामा, आयचा फोटो तुमीच करा." हो म्हणालो आणि केला नाही. तेराव्याला खुर्चीवर मोबाइलमधल्या फोटोची छापील प्रत ठेवून वेळ भागवली. पाहुणे कुजबुजले, फ्रेमवाल्याची बहीण आणि फ्रेम नाही. त्यात दीपकच्या मित्रांनी स्टँडजवळ भलामोठा फ्लेक्स लावला, भावपूर्ण श्रद्धांजली, आक्काचा चेहरा एस.टी.च्या दारापेक्षा मोठा. जिला भिंतीवर जायचं नव्हतं, ती चौकात टांगली. मी त्या फ्लेक्सखाली उभा राहून रडलो आणि त्याच वेळी मला हसू येत होतं. लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

शेवटी महिन्याच्या श्राद्धाला फोटो केला. साधी काळी पट्टी, चारी कोपरे चोख. हार घेतला नाही. वर्तमानपत्रात बांधला. रहिमतपूरला पोचलो तर दाजी मळ्यात मोटार चालू करायला गेलेले, घरात दीपक आणि सूनबाई अश्विनी. दीपक हातोडी घेऊनच उभा. मी म्हटलं, "नवा खिळा न्हाई मारायचा. तुज्या आयनं सांगितलंय." "मग किल्ल्यांच्या खिळ्यालाच लावू की," तो म्हणाला आणि त्यानं ती हिरवी चौकट उतरवून माझ्या हातात दिली. मी ती बाकावर ठेवायला म्हणून उलटी केली.

मागच्या बाजूला रंग नव्हता. कोरं लाकूड. एका कोपऱ्यात लाख भरलेली. आणि वरच्या पट्टीवर पेन्सिलीनं, माझ्या अक्षरात, "१२ × १५, दाजी".

मी चौकट मांडीवर घेऊन बाकावर बसलो. चाळीस वर्षं टोपी अडकवली मी त्या चौकटीला, फ्रेमवाला म्हणवतो आणि स्वतःची पहिली फ्रेम ओळखली नाही! दाजी तेवढ्यात दारात आले. मी विचारलं, "दाजी, ही... ही माजी फ्रेम हाय?"

"व्हय की," दाजी म्हणाले. "तुला ठाव न्हवतं?"

"आक्का म्हणाली, चुलीत घातली."

"तुला म्हनली आसंल." दाजी उंबऱ्यातच उभे राहिले. "मी रजेवर आलो तवा रिकामीच व्हती ह्या खिळ्याला. मी इचारलं, ह्ये काय? तर म्हनली, तुमी आलायसा न्हवं? आता हितं किल्ली आडकवा, म्हंजी घरात हायसा ते मला दिसंल."

म्हणजे मिटलं होतं? पहिल्याच वर्षी? मग दर भाऊबीजेला माझी फ्रेम परत का दिली? चुलीत घातली असं खोटं का सांगितलं? रागानं, का मला वाईट वाटू नये म्हणून, का नुसती गंमत? आणि नवा खिळा मारू नकोस म्हणाली, ते गिलाव्यासाठी, का एक दिवस मी ही चौकट उतरवून उलटी करावी म्हणून? कुणाला विचारू? एकच माणूस सांगू शकलं असतं, आणि ते वर्तमानपत्रात गुंडाळून बाकाखाली ठेवलेलं.

दीपक म्हणाला, "मामा, मग काय करू? लावू फोटो?" मी म्हटलं, "थांब जरा." काय थांब, ते मलाच माहीत नव्हतं. आणि दाजी आत आले. न बघता, रोजच्यासारखा उजवा हात वर गेला, मोटारीची किल्ली अडकवायला... तिथं आकडा नव्हता. किल्ली फरशीवर पडली. दाजी त्या उघड्या खिळ्याकडं बघत राहिले, हात तसाच वर.

मी उठलो आणि माझी फ्रेम खिळ्याला लावली. वाकडी झाली होती, सरळ केली. दाजींनी किल्ली उचलून अडकवली.

आक्काचा फोटो मी पिशवीत घालून परत घेऊन आलो, दर भाऊबीजेला आणायचो तसाच.