दुधाच्या पिशवीतला ओवा
भज्यांसाठी ओव्याचं पान खुडलं की त्या वासासरशी मला मुलुंडच्या बागेत भेटलेले ते काका आठवतात. आमच्या झाडवेड्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर ओळख करून देताना त्यांनी लिहिलं होतं, ‘मी बोरिवलीचा. झाडं बायकोची, मी फक्त पाणी घालतो.’ आम्ही सगळे त्या बागेत पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटलो तेव्हा प्रत्येकानं एक रोप आणलं आणि चिठ्ठ्या टाकून अदलाबदल केली. मला त्यांचा ओवा आला, दुधाच्या पिशवीत लावलेला. मला हवी होती जास्वंद. चिखल गळणारी ती पिशवी मी बाकड्यावर मुद्दाम विसरले. ते मात्र ग्रुपवर विचारत राहिले, ‘आमचा ओवा कसा आहे?’ शेवटी नर्सरीतून एक आणून मी त्याचाच फोटो टाकला. वर्षभरानं ते पत्ता विचारून माझ्या घाटकोपरच्या घरी आले. “ही गेली, आणि घरचा ओवाही माझ्या हातून वाळला गं. तिच्या हातचं आता तुझ्याकडेच उरलंय. एक फांदी देशील?” मी कात्री आणून कापून दिली. त्यांनी पान चुरडलं, हुंगलं आणि डोळे मिटून ते म्हणाले, “हाच वास.” अजूनही दर रविवारी ते त्या ओव्याचा फोटो ग्रुपवर टाकतात, आणि सगळ्यांच्या आधी मी त्यावर बदाम टाकते.