वीस वर्षांनंतरच्या गावाची रांगोळी

पुष्पांजलीबाई अंगणवाडी सेविका. जळगाव जामोदकडचं त्यांचं गाव धरणाच्या बुडितात आलेलं. तिथं कशाचीच दुरुस्ती होत नाही, कारण गाव बुडणार. माळावरच्या नव्या गावठाणात काही घरं राहायला गेली, पण तिथं अंगणवाडी मिळत नाही, कारण कागदावर गाव अजून जुन्याच जागी आहे. गेलेल्या घरांतली पोरं दिवसभर घरीच. आधी बाई प्रत्येक सभेत याबद्दल बोलायच्या. मग बोलणं थांबलं. कधी थांबलं, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

त्या दिवशी नियोजन कार्यालयातून मयुरी नावाची तरुण अधिकारी आली. वीस वर्षांनंतरचं नवं गाव कसं असावं, ते बायांनी शाळेच्या अंगणात रांगोळीनं काढायचं होतं. दुपारच्या ग्रामसभेत त्यावरूनच आराखडा मंजूर होणार होता. रांगोळीत नसेल ते आराखड्यात येणार नव्हतं.

बाईंनी काही न विचारता चिमूट भरली. सरळ रस्ते, विहार, मंदिर, हापशी, बसथांबा, झोपाळ्यांचा बगीचा.

"चांगला हात बसलाय तुमचा," मयुरी म्हणाली.

"चवथ्यांदा काढून राह्यलो ना."

"आधीचे नकाशे कुठे आहेत?"

"ज्याईनं नेले, त्याईची बदली झाली."

"मॅडम, यावेळी इमानतळ काढतो," शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या. "होत तर काहीच नाही, मंग लहान काऊन काढाव?"

बाया हसल्या. मयुरीही हसली आणि रांगोळीभोवती फिरून आली. "ताई, अंगणवाडी कुठंय?"

बाईंनी पाहिलं. नव्हती.

"राह्यली," त्या म्हणाल्या.

वच्छलाबाईंचं हसू गेलं. त्यांचा नातू नव्या गावठाणात होता. "अवं बाई, तूच इसरली?"

बाईंना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"एवढा मोठा बगीचा लागतो तुम्हाला?" मयुरीनं विचारलं.

"आमाले कायले? साहेब लोकाईले आवडते. दरवेळी फोटो त्याचाच काढतात."

मयुरी म्हणाली, "पुसा तो."

बाईंनी तळव्यानं बगीचा पुसला. तिथं चौकोन काढला, दार काढलं.

"दार इकून नको," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोराईवर ऊन येते."

बाईंनी दार दुसऱ्या बाजूला घेतलं.

ग्रामसभेत हात वर झाले. मयुरीनं रांगोळीचा फोटो पंचायतीच्या संगणकात ठेवला, कार्यालयात पाठवला आणि बाईंच्या मोबाइलवरही टाकला. "माझी बदली झाली तर पुढच्यांना हा दाखवा."

"आन् ते म्हनले, नवंच काढा, तर?"

मयुरीनं मोबाइलवरच्या फोटोतल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"तर अंगणवाडी पहिली काढा."

"हाव," बाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.