रेंजवरचा पवित्रा

माझी नोकरी पोलिसातली आहे हे सगळ्या येळ्ळूरला माहीत होतं. फक्त आमच्या आप्पांनी ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. संध्याकाळी मी घरी आले की ते विचारत, "आलीस गं ऑफिसातनं?" मी व्हय म्हणायची. ठाण्याला ते ऑफिस म्हणत आणि बंदोबस्ताला जादा काम. खाकी कपडे मी ठाण्यातल्या कपाटात ठेवायची आणि सलवार-कमीजवर बेळगावला ये-जा करायची. तसं कर म्हणून आप्पांनी सांगितलं नव्हतं. कुणी काही न सांगता आमच्या घरात बरेच नियम चालतात.

कारण साधं होतं. हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून निघणाऱ्या प्रत्येक मोर्च्यात आप्पा तरुणपणापासून पुढच्या रांगेत चालत आलेले, आणि मोर्चा म्हटला की समोर पोलीस असणारच. त्यांची पोरगी परीक्षा देऊन कर्नाटकच्या पोलिसात लागली. पगार घरात आला, पण या नोकरीकडे बघायचं कसं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी तिकडे बघितलंच नाही. मला त्याचं काही वाटत नाही असं मी मैत्रिणींना सांगायची. वाटत होतं. एकदा तरी त्यांनी माझ्या नोकरीचं नाव घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

मला बढती मिळाली आणि तिच्या पाठोपाठ पिस्तुलाचा कोर्स लागला. तोवर माझी बहुतेक नोकरी टेबलावर गेली होती. शिकवणारे सर लष्करातून निवृत्त झालेले, विजापूरकडचे, कानडी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं टार्गेट बघितलं. सगळ्या गोळ्या खाली डावीकडे, एका कोपऱ्यात गोळा झालेल्या. "एनम्मा," ते कानडीत म्हणाले, "वरचा एवढा कागद कुणासाठी ठेवलास?"

पकड त्यांनी पहिल्यापासून शिकवली. उजवा हात इतका वर घ्यायचा की अंगठा आणि तर्जनीमधली खाच पिस्तुलाच्या पाठीला घट्ट बसली पाहिजे. मुठीवर जी जागा उघडी राहते ती डाव्या तळव्याने भरायची. दोन्ही अंगठे पुढे रोखलेले. आणि जोर डाव्या हाताचा जास्त. मी उजव्या हाताने पिस्तूल असं आवळायची की कुणी ते हिसकावून न्यायलाच आलंय, आणि मग चाप ओढणारं बोट मोकळं राहायचंच नाही. सर मला न सांगता मधेच एक खोटी गोळी भरून ठेवत. मी चाप ओढला, आवाज झालाच नाही, तरी पिस्तुलाने खाली मान घातली. धक्का बसायच्या आधीच मी धक्का खात होते. हे सगळ्या बॅचसमोर दिसलं, त्यामुळे लाज वाटली, पण उपयोगही झाला.

पकड सुधारली. उभं राहणं मात्र सुधारेना. पोट पुढे आणि खांदे मागे, अशी मी रेलायची. सर रोज सांगत, मी रोज मान डोलावत असे, आणि हात वर झाले की पुन्हा मागे.

सरावासाठी पिस्तूल घरी आणता येत नाही. माझ्या भावाचं बेळगावच्या खासबागेत खिडक्या बसवायचं काम आहे. त्याचं ड्रिल मशीन मी घेतलं. त्याला मूठ आहे, चाप आहे, वजनही चांगलं आहे. रविवारी परसात भिंतीवर खडूने गोल काढून मी दोन्ही हातांनी ड्रिल रोखून उभी होते, तेवढ्यात आप्पा वैरणीचा भारा घेऊन आले. भारा टाकला आणि बघत राहिले.

"मागं का रेलतीस? भ्यालीस व्हय?"

मी काय करतेय हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. आप्पा एकेकाळी पैलवान होते. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी गावच्या आखाड्यात काठावर बसून पोरांना शिव्या घालायला जातात. घरात एकेक शब्द मोजून देणारा हा माणूस, पण कुणाचा पवित्रा चुकलेला दिसला की त्यांच्याने गप्प बसवत नाही. विठोबाचेसुद्धा विटेवरचे पाय त्यांनी पुढे-मागे करायला लावले असते. जवळ येऊन त्यांनी माझ्या खांद्याला तळवा लावला आणि ढकललं. मी उताणी कडब्यात गेले.

"बघितलंस? गुडघं मोड. झोक म्होरं दे. आता ढकलतो, हलायचं न्हाय."

त्यानंतर रोज संध्याकाळी ते परसात यायचे. पिस्तूल हा शब्द त्यांनी काढला नाही. "ते मशीन जरा खाली घे," "मशीनकडं बघू नगंस," असं चालायचं. आई दारातून बघायची आणि आत जायची. इतक्या वर्षांत आप्पा माझ्याशी एवढं बोलले नव्हते. मला इतका आनंद झाला होता की ते शिकवतायत ते बरोबर की चूक याचा मी विचारच केला नाही.

तो विचार गोळीबाराच्या रेंजवर सरांनी केला. मी एक पाय लांब पुढे टाकून, बूड खाली नेऊन, मान पुढे काढून उभी राहिले. सर माझ्याभोवती फिरले.

"एनम्मा, गोळी मारणार आहेस का कुस्तीतल्यासारखा टार्गेटचा पट काढणार?"

बॅच खिदळली. सरांनी माझा पुढचा पाय मागे घ्यायला लावला, गुडघे नुसते सैल ठेवायला सांगितले, कंबर वर आणली. खांद्यांपाशी येऊन मात्र थांबले. खांदे कंबरेच्या पुढे होते, जसे हवेत तसे.

"हे कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"पोलिसात आहेत?"

"नाही," मी म्हटलं. "समोर असतात."

त्यांना कळलं असावं. ते पुढच्या माणसाकडे वळले.

घरी आप्पांनी नवा पवित्रा बघितला आणि नाक मुरडलं. "कुणी बदललं?" सरांनी, म्हटलं. त्यांनी पुन्हा ढकलून बघितलं. मी हलले नाही. "बरं हाय," ते म्हणाले, "पर आखाड्यात मार खाशील."

परीक्षेत गोळ्या मधोमध गेल्या. पास झाल्याचं सांगितलं तेव्हा आप्पा पाय धूत होते.

"मग आता ते कमरंला लावून देणार तुला?"

"ड्युटीवर असले की."

"मोर्च्याला बी?"

"बंदोबस्त लागला तर, व्हय."

त्यांनी नळ बंद केला. त्या दिवसापासून ते परसात आले नाहीत. मीही ड्रिल भावाला परत दिलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेच्या, काळ्या दिनाच्या मोर्च्याला मला बंदोबस्त लागला. आदल्या संध्याकाळी गावची मंडळी आप्पांना निरोप द्यायला आली, सकाळी कुठं जमायचं ते. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते.

"औंदा मी येत न्हाय," आप्पांचा आवाज आला.

"का वं आप्पा? गुडघं?"

गुडघे म्हटलं असतं तर भागलं असतं. सगळ्यांनी मान डोलावली असती.

"गुडघं बरं हाईत. माझी लेक पोलिसात हाय. उद्या ती तिथं उभारणार. तिच्या म्होरं न्हाय यायचा मी."

 हे शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, आणि ऐकल्यावर मला रडू आलं नाही, राग आला. त्यांनी माझ्या नोकरीचं नाव घ्यावं एवढंच मागितलं होतं मी. त्यासाठी त्यांनी त्यांचा मोर्चा सोडावा असं कधी म्हटलं होतं? चहा घेऊन बाहेर गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "आप्पा, तुमी जावा." त्यांनी कप घेतला, माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोर्चा माझ्यासमोरून गेला. आप्पा त्यात नाहीत हे मला माहीत होतं. तरी शेवटचा माणूस जाईपर्यंत मी पुढून मागून प्रत्येक रांगेत त्यांनाच शोधत होते.